चिवड्याची पुडी

भायखळा, रविवार रात्र

प्रिय बाळा,
प्रेमळ सलाम.

तू पाळीवरून रात्री दोनला येतोस तेव्हा मी झोपलेला असतो आणि मी फिरायला निघतो तेव्हा तू. एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, हसू नकोस.

काल चर्चच्या तरुण संघाबरोबर परळला जाऊन टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना ब्लँकेटं वाटलीस. चांगलं केलंस. ब्लँकेट घेणाऱ्या बाईचा फोटो स्टेटसला ठेवलास, तो मात्र काढ. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, दानधर्म करताना पुढे करणा, म्हणजे तुतारी, वाजवू नको. हल्ली करणा खिशात मावतो, एवढंच.

पण लिहायचंय ते वेगळंच. बिहारहून आलेल्या एका म्हाताऱ्याने पुडीतला चिवडा पुढे केला आणि “नको, तुम्हालाच राहू द्या” म्हणत तू हात जोडलेस, असं आईला सांगत होतास. तिला भारी कौतुक वाटलं. मला मात्र रात्रभर कुर्ला आठवत राहिलं.

26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. तू पाच वर्षांचा होतास. ऑफिसातून चालत निघालो, कुर्ल्यात पाणी छातीला लागलं. एका चाळीतल्या माणसाने हाताला धरून वर ओढलं. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही अकरा जण. त्याच्या बायकोने मला कोरडी लुंगी दिली, सगळ्यांसाठी खिचडी टाकली. नाव विचारलं नाही की जात. सकाळी निघताना मी पाचशेची नोट तिच्या पोराच्या मुठीत कोंबली. तिचा चेहराच उतरला. नोट काढून माझ्या ओल्या खिशात परत घातली आणि म्हणाली, “भाऊ, हिशेब करायला थांबवलं होतं का तुम्हाला?”

तेव्हा मी चर्चच्या मंडळीचा पंच होतो, न चुकता उत्पन्नाचा दशांश देणारा. घ्यायची सवय मात्र हाताला नव्हती. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचंही तेच. प्रभू पाय धुवायला वाकला तर हा म्हणे, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री आपण हे वाचतो, प्रभूच्या नम्रतेवर संदेश ऐकतो. पेत्राच्या ताठ्यावर कोणी फारसं बोलत नाही.

घरातलंच बघ. कामाच्या मावशी गावाहून येताना आपल्यासाठी फणसाचे गरे आणतात. आपण लगेच साडी देऊन मोकळे. आणि त्यांचा चहाचा कप अजून मोरीवरच्या फळीवर, वेगळा. तो मी आज आपल्या कपांत आणून ठेवलाय. आई काय म्हणते बघू.

शनिवारी पुन्हा जाणार असशील तर मीही येतो. चहाचा थर्मास माझ्याकडे. तो म्हातारा भेटला तर जरा त्याच्याजवळ टेकू. चिवडा दिलाच, तर दोन्ही हात पुढे कर. मलाही थोडा ठेव.

तुझा,
पप्पा