बसने नाही, पायीच

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा गप्प बसले असते, म्हणून लिहितेय. त्रिपुरी पौर्णिमा झाली की मी ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमा उचलणार आहे. पायी. साधारण पाच महिने. बिनपगारी रजा मंजूर झालीय, तिकीटही काढलंय.

बसने पंधरा-वीस दिवसांत होते, हे बाबांचं म्हणणं मी टाळलेलं नाही. ज्यांचे गुडघे गेले त्यांनी बसनेच जावं. माझे पाय धड आहेत. मैयाला ‘चालत येईन’ म्हणायचं आणि ऊन लागलं की गाडीला हात करायचा, हे मला जमायचं नाही. नदी कायम उजव्या हाताला, पात्र कुठेही ओलांडायचं नाही, मागायचं नाही, साठवायचं नाही, अंधारात चालायचं नाही. एकदा परिक्रमेचा संकल्प केला की समोर बेटावरच्या ओंकारेश्वराच्या दर्शनालाही जाता येत नाही. ते शेवटी, सोबत वागवलेल्या बाटलीतलं जल चढवायला. इतकं काटेकोर कशाला, असं आई म्हणेल. अगं, सोयीपुरते नियम पाळायचे तर घरचं देवघर काय वाईट होतं?

जेवायची काळजी करू नका. आश्रमात भोजनप्रसादी मिळते. नाहीतर सदाव्रत, म्हणजे डाळ, तांदूळ, कणकेचा कोरडा शिधा, आपण शिजवायचा. जाड टिक्कड तव्यावर भाजायला मी शिकलेय, आई, कडा कच्च्या न ठेवता. मैयाचं पाणी आचमनाला घेईन, प्यायला हातपंपाचं. एकटीही नाही, आणखी दोघी आहेत. चार वाजले की मुक्काम शोधायचा. तू विचारायला संकोचशील म्हणून सांगते, त्या चार दिवसांत बाटलीची पूजा सोबतीण करील.

पाठीवर सात किलो, त्यावर काही नाही. बहुतेकांचं बिघडतं ते पायांपाशी. दोन-तीन तास चाललं की पाऊल सुजतं, मापाचा बूट आवळतो, ओल्या मोज्यात वाळू घासते आणि टाचेला फोड येतो. म्हणून बूट एक नंबर मोठे घेतलेत आणि दोन महिने वापरून मऊ केलेत. पहिला आठवडा पंधरा किलोमीटरच, मग वीस-बावीस. रात्री पायांना खोबरेल चोळेन; तुझ्यासारखं गुणगुणत चोळणारं कुणी नसेल, एवढंच.

शूलपाणीच्या झाडीचं, त्या वाटेवरच्या डोंगराळ जंगलाचं, नाव काढलं की बाबांच्या कपाळाला आठी पडते. तिथले मामा लोक, म्हणजे भिल्ल, लंगोटीपर्यंत लुटायचे, ते दिवस मागे पडले. आता तेच चहाला थांबवतात. खरा त्रास चढाचा. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. काठच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, डोंगरातून वळसा पडतो. पुढे नदी संपते तिथे समुद्रातून नावेने उत्तर तटावर जायचं, तेही भरती असेल तेव्हाच, म्हणून तिथे एखादा दिवस खोळंबा धरलाय. त्या तटावर गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे. बाबा, तुमच्या वतीने डोकं टेकवीन. अमरकंटकच्या थंडीसाठी तुमचा तपकिरी स्वेटर नेतेय. विचारलं नाही, माफ करा.

आता तुमचं. बाबा, हयातीचा दाखला नोव्हेंबर संपायच्या आत. मी असेपर्यंतच बँकेत जाऊन येऊ. आई, थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, वर अर्धा तास चहा नाही, आणि कॅल्शियमची रात्री. दोन्ही एकदम घेतल्या तर थायरॉईडची अंगी लागत नाही, म्हणून डबे वेगळे केलेत. सिलिंडर दोन भरलेले आहेत. बाथरूममध्ये रबरी चटई टाकलीय, ती ‘घसरते’ म्हणून काढायची नाही. ती घसरत नाही. दादा दर रविवारी येणार, त्याच्याशी भांडू नका.

डोंगरात चार-पाच दिवस फोन लागणार नाही. लगेच देव पाण्यात घालून बसू नका.

बाबा, तुम्ही विचारणार नाही म्हणून मीच लिहिते. मधेच तुम्हाला काही झालं तर मी येईन. असेन तिथून, पूल ओलांडून, मिळेल त्या गाडीने. परिक्रमा खंडित होईल आणि पुन्हा ओंकारेश्वरपासून धरीन. ते मैयाचं आणि माझं आम्ही बघून घेऊ. पण माझं व्रत मोडू नये म्हणून गेल्या गणपतीत लपवलंत तसं छातीतलं दुखणं लपवायचं नाही. आई, तूही त्यांना सामील व्हायचं नाहीस. हे मला निघायच्या आधी तोंडाने कबूल करून हवंय, दोघांकडून.

शनिवारी येतेय. पुरणपोळीचा घाट घालू नकोस, गुडघे दुखतील. आमटी-भात पुरे.

तुमची,
ठकी