के-पॉप म्हणजे एकच प्रकार नव्हे

संपादक महाशय,
कोरियन गाण्यांविषयी लिहिताना सगळं 'के-पॉप'च्या एकाच गाठोड्यात कोंबलं जातं, ते खटकतं. ट्रॉट हा तिथला जुना प्रकार. नाव फॉक्सट्रॉट या पाश्चात्य नाचावरून आलेलं. ठेका दोन मात्रांचा, चाल बहुधा पाच स्वरांची आणि गायक स्वर मुद्दाम मुरडतो. 1993 साली सो तेजी अँड बॉइज या गटाने 'हायोगा' या गाण्यात रॅप, हेवी मेटल गिटार आणि सनईच्या जातीचं तेप्योंगसो एकत्र आणलं. गिटारच्या कल्लोळावर त्याचा टोकदार सूर चढतो, तो क्षण कान देऊन ऐकावा! सोलच्या होंगदे भागातलं पंक रॉक तर आणखी निराळं. ऐकताना आधी ठेका पकडावा, मग गळा. फक्त नाचाच्या चित्रफिती पाहिल्या, की लक्ष डोळ्यांकडे जातं आणि हा फरक निसटतो.
— एक वाचक