आईला पुन्हा चालतं केलंत, मनापासून आभार

लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने खराब झालेली आईच्या हृदयातली मायट्रल झडप यंदा ऑपरेशन करून बदलली. सर्जनांचे आभार तेव्हाच मानले. पण त्यानंतर ज्यांनी तिला उभं केलं, त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत.

फिजिओथेरपीच्या ताई, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला तुम्ही शिकवलंत. तीन गोळ्यांच्या यंत्रात श्वास ओढताना तिसरी गोळी वर गेली, तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्यात! ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात, तोवर भरलेली कळशी उचलायची नाही, उठताना हातांवर जोर द्यायचा नाही, हे तुम्ही तिच्याकडून वदवून घेतलंत. "काकू, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येईल इतकं रमतगमतही नको." दमणूक मोजायच्या बोर्गच्या ६ ते २० च्या पट्टीवर ११ ते १३ म्हणजे किती दमायचं, ते आम्हाला यातूनच उमगलं.

सांगलीच्या आमराईत फिरणारे पांढऱ्या टोपीतले आजोबा, तुम्ही आपला वेग कमी करून तिच्याबरोबर चाललात. आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासायला, रक्त घ्यायला येणाऱ्या दादा, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे म्हणून तुम्ही कापूस दाबून शांतपणे थांबायचात.

व्यायामापेक्षा भीती घालवणं जास्त अवघड होतं. आई आता न थांबता जिना चढते. तुम्हा सगळ्यांना तिचा नमस्कार, आणि घरी जेवायला यायचं आग्रहाचं आमंत्रण.