ओसी आणि जादा पाणीपट्टी: बिल्डरविरुद्ध दाव्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नसल्यामुळे भराव्या लागणाऱ्या जादा रकमेबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या वार्षिक सभेत ओसीचा, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याचा, विषय निघाला आणि पाच मिनिटांत मिटला. "एकोणीस वर्षं झाली, बिल्डरवर दावा करायची मुदत कधीच टळली," असं दोघे-तिघे म्हणाले, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि आपण लिफ्टच्या दुरुस्तीकडे वळलो. माझ्या हातात तेव्हा कागद नव्हता, म्हणून मी बोललो नाही. आता आहे.

समृद्धी को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी विरुद्ध मुंबई महालक्ष्मी कन्स्ट्रक्शन या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ जानेवारी २०२२ चा निकाल मी दोनदा वाचला. तिथल्या सभासदांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण ओसी नाही. मालमत्ता कर २५ टक्के जादा, पाणीपट्टी ५० टक्के जादा. १९९८ मध्ये ते ग्राहक आयोगात गेले. २०१४ मध्ये राज्य आयोगाने बिल्डरला चार महिन्यांत ओसी आणायला सांगितलं, उशीर झाला तर दरमहा एक लाख रुपये द्यायला सांगितलं. तरी ओसी आली नाही. मग भरलेली जादा रक्कम परत मिळावी म्हणून सोसायटीने २०१५ मध्ये राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार केली. २०१८ मध्ये आयोगाने ती फेटाळली. एक कारण तेच, जे आपल्या सभेत ऐकलं: मुदत टळली.

सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. ओसी मिळवून देणं ही मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीविषयीचा कायदा) प्रमाणे बिल्डरची जबाबदारी आहे, आणि ती जोवर पार पडत नाही तोवर चूक चालूच राहते, संपत नाही. मुदतीच्या कायद्याच्या कलम २२ नुसार अशा चालू राहणाऱ्या चुकीत मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते. ओसी न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि सभासद हे ग्राहकच आहेत, हेही त्यात स्पष्ट आहे. पैसे मात्र लगेच हातात पडले नाहीत; प्रकरण गुणवत्तेवर ठरवण्यासाठी पुन्हा राष्ट्रीय आयोगाकडे पाठवलं. हे मी मुद्दाम लिहितो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की मी खोटी आशा लावली.

काल रात्री जेवणाच्या टेबलावर आपलं पाण्याचं बिल आणि समोरच्या, ओसी असलेल्या इमारतीचं बिल शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. नळ तोच, पाइपलाइन तीच, आणि दर वेगळे. हा फरक दर महिन्याच्या मेंटेनन्समधून आपण सगळेच भरतो आहोत, पेन्शनवर जगणारेसुद्धा. सी विंगमधल्या काकूंना ऑपरेशनसाठी फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाईक ठरलं, टोकन घेतलं, आणि बँकेने ओसी नाही म्हणून फाइल परत केली. काकूंना ते टोकन परत करताना मी तिथे होतो. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

माझी विनंती आहे की या एकाच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी आणि ग्राहक कायद्याची कामं करणाऱ्या वकिलांचं मत लेखी घ्यावं. किती वर्षांची वसुली मागता येईल आणि कोणत्या आयोगात जायचं हे तेच सांगतील. आपण आपापसांत तर्क लढवून वेळ घालवू नये. त्याआधी आयओडी (पालिकेची अटींसह बांधकाम मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), मंजूर नकाशे, सभासदांचे करारनामे, ताबापत्रं आणि कर-पाण्याची सगळी बिलं एका फाइलमध्ये यायला हवीत. ऑफिसच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यातले गठ्ठे दमट झाले आहेत, काहींना वाळवी लागली आहे. ते आधी स्कॅन करून घ्यावेत.

माझ्याकडची २०११ पासूनची बिलं वर्षवार लावून झाली आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ती घेऊन ऑफिसात येतो. कपाटाची किल्ली वॉचमनकडे ठेवावी.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद, बी-३०४