गांधार ओढू नकोस

मिरज,
रविवार सकाळ

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही ट्रम्पेट गुरुवारी घरी आले. रंग, पेट्या, किंमत हे सगळं आईने तुला फोनवर सांगितलंच आहे. वाजतात कसे, ते मात्र मला फोनवर सांगायचं नव्हतं. त्यात आपल्या जूनमधल्या भांडणाचा विषय येतो आणि तो मला नीट, कागदावर मांडायचा आहे.

आधी वाद्यांविषयी. खोक्यातून आलेला नवाकोरा तो यामाहा, २३३० मॉडेल, पिवळ्या लॅकरचा. दुसरा बाख स्ट्रॅडिव्हेरियस, ३७ नंबरच्या बेलचा (बेल म्हणजे पुढचं कर्ण्यासारखं तोंड), चांदीचा मुलामा दिलेला. तो वापरलेला आहे. मुंबईत एका वयस्कर गोवेकर वादकांकडून घेतला. त्यांनी पेटी उघडायच्या आधी मला बसवून सरबत दिलं आणि "नोटेशन वाचता का?" एवढंच विचारलं. ते स्वतः गावच्या चर्चच्या शाळेत शिकले. हातात वाद्य यायच्या आधी दोन वर्षं नुसतं सोलफेज, म्हणजे नोटेशन वाचून सुरांची नावं गात, म्हणत होते. त्या पिढीतले कितीतरी गोवेकर असेच शिकून मुंबईला आले, आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात ब्रासची फळी त्यांनी सांभाळली. पेटी माझ्याकडे देताना त्यांनी बेलवरून एकदा हात फिरवला. मला काही बोलणं सुचलं नाही, मी नमस्कार केला.

घरी आल्यावर दोन्ही कोमट पाण्याने आतून धुतले. नव्या वाद्यात कारखान्याचं ग्रीस राहिलेलं असतं, ते फुंकेबरोबर तोंडाशी येतं. (कढत पाणी कधी घालू नकोस, लॅकर उडतं. पिस्टनच्या टोपणातले फेल्ट ओले होऊ देऊ नकोस.) तेल घालून पिस्टन आपापल्या नंबरात बसवले आणि पहिल्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे त्याची सरकती जोडनळी, बाहेर ओढून मग पिस्टन दाबला. 'टुप्' असा स्वच्छ आवाज आला. पिस्टन आणि नळकांडं यांच्यात फट नसेल तरच तो येतो. दोघांचाही आला. मग आपला जुना मेरठचा घेतला. त्याची स्लाइड ओढली, पिस्टन दाबला, काहीच आवाज नाही. त्याला बोल लावणार नाही मी. ३१ लग्नसराया त्याने काढल्या, ऊन, धूळ, गुलाल सगळं पोटात घेतलं. पितळ झिजणारच. आणि तिसरी स्लाइड जाम झाली ती माझ्याच हयगयीने.

संध्याकाळी पहिल्यांदा यामाहा तोंडाला लावला. रोजच्यासारखा काळी पाचचा, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, सा धरला. जुन्या ट्रम्पेटमध्ये थोडी फुंक आधी गळतीला द्यावी लागते, मग सूर उभा राहतो. तीच जास्तीची फुंक इथे सबंध आवाजात गेली आणि मांडणीवरची भांडी वाजली. आई बाहेर येऊन बघून गेली. सा सुंदर होता. पंचम सुंदर होता. वरचा सा न मागता आला. आणि वरचा गांधार चढा! ट्यूनरचा काटा पार उजवीकडे. पाच-सहा वेळा घेतला, तरी तेच. मग बाख काढला, त्यातही तेच. दोन देशांत, दोन हातांनी बनवलेली वाद्यं एकाच सुरावर एकसारखी चुकतील कशी? रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी बाख घेऊन तंतुवाद्यांच्या गल्लीत गेलो. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२४ साली, पण ते कान त्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहेत. माझा शाळासोबती जवारी लावत, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवत, बसला होता. त्याने एक तानपुरा काळी पाचला मिळवला, घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि छेडत राहिला. तुला लहानपणी मी ऐकवला होता तो स्वयंभू गांधार, खर्जाच्या तारेतून आपोआप उठणारा, तो इतका स्पष्ट आला की कोणी मागे उभं राहून गात असावं. मी त्यावर माझा गांधार लावला. तो म्हणाला, "ओढतोस कशाला? सूर खाली बसलाय, तूच त्याला वर खेचतोयस."

मी ओठ सैल सोडले. नुसती फुंक ठेवली. ताई, माझा सूर मला ऐकू येईना, इतका तो तानपुऱ्यात मिळून गेला. पन्नाशी उलटल्यावर हे पहिल्यांदा झालं.

त्याचं कारण तू आता शिकतेस तेच आहे. ट्रम्पेट म्हणजे सुमारे दीड मीटरची नळी. एकही पिस्टन न दाबता जे सूर निघतात ते तिचे निसर्गाने दिलेले सूर, आणि वरचा गांधार त्यांतला पाचवा. हार्मोनियमच्या गांधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट उतरा असतो. (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट.) तानपुऱ्याच्या तारेतही गांधार पाचवाच उठतो, त्याच हिशेबाने, म्हणून दोघं जुळतात. जुन्या ट्रम्पेटवर हा सूर त्याहूनही खाली बसायचा आणि बँडमध्ये शेजारी कीबोर्ड असायचा. तेव्हा मी ओठ आवळून तो वर खेचायला शिकलो, आणि तीस वर्षांत खेचतोय हेच विसरलो. नव्या वाद्याला एवढा आधार नको होता. चढा सूर माझ्या ओठांत होता.

आता जूनचं. तू म्हणालीस, तुला ट्रम्पेट शिकवणारे सर म्हणतात तू वरचा गांधार ओठ आवळून चिमटतेस. मी तुझ्यावर चिडलो. खोलीत बसून वाजवणाऱ्यांना रस्त्यावरचं वाजवणं काय कळणार, असंही बोललो. त्यानंतर तीन आठवडे आपण जेवलीस का, झोपलीस का, याशिवाय काही बोललो नाही. सर बरोबर होते. तुझ्या ओठांत ती खोड मी घातली. सातवीत तू पहिल्यांदा तो गांधार घेतलास तेव्हा तो सहज आणि गोड आला होता. मला आठवतंय, मीच म्हणालो होतो, "अजून वर, अजून वर." माझ्या झिजलेल्या वाद्याची गरज मी तुला नियम म्हणून शिकवली. मला त्याचं फार वाईट वाटतं.

यापुढे असं कर. तानपुऱ्यापुढे वरच्या गांधाराला काही करू नकोस, नुसता धरून ऐक. कीबोर्डबरोबर वाजवायचं असेल तेव्हा किंचित चढव, पण दर वेळी ऐकून. ट्यूनर पिशवीत ठेव.

मधल्या सप्तकातल्या रिषभाचा त्रास उलटा आहे. शुद्ध रे पहिल्या आणि तिसऱ्या पिस्टनने येतो, कोमल रे तिन्ही दाबून. प्रत्येक पिस्टनची जोडनळी एकट्याच्या हिशेबाने कापलेली असते, एकत्र दाबल्या की लांबी कमी पडते आणि सूर चढतो. भैरवाचा कोमल रे तर उतरून, झुलत यायला हवा. जुन्यावर मी तो ओठांनी खाली ढकलत होतो आणि त्यात सुराचा जीव जायचा. या दोघांची तिसरी स्लाइड डाव्या हाताच्या अनामिकेने ओढली की अलगद बाहेर येते. शुक्रवारी रात्री अर्धा तास मी नुसता सा-कोमल रे-सा केला. स्लाइड ओढता ओढता सूर सरकत खाली गेला तेव्हा भैरव समोर आला. बोटाला अजून सवय नाही, सूर पोचतो आणि बोट मागून येतं. रोज करतो आहे.

दोघांमधला फरक विचारशील. नळीचा व्यास कागदावर दोघांचाही ०.४५९ इंच, तरी फुंकताना दोन वेगळी माणसं भेटतात. यामाहा हलक्या फुंकेला लगेच उत्तर देतो, पहाटे हळू वाजवायला मला तोच आवडला. पण वरातीत फुंकतो तसं जोरात फुंकलं की त्याचा आवाज कडांनी फाटतो. बाखला आधी जरा समजवावं लागतं. एका पत्र्यातून ठोकून काढलेली त्याची बेल, तिला तापायला वेळ लागतो की काय कोण जाणे. पण नंतर कितीही जोर लावला तरी आवाजाचा गाभा सुटत नाही. काल नदीकाठी जाऊन मोकळ्यावर वाजवला. लांब गेला आणि जाड राहिला. थंड असताना दोघेही उतरे लागतात. दहा मिनिटं वाजवून मगच मिळवायचे.

नवा तुला आणि बाख मला असं ठरवून घेतले होते. आता ते ठरलेलं मोडतो. माझा पहिल्या दिवशीचा निकाल किती चुकला ते तू वाचलंसच. संक्रांतीला ये, तानपुरा मागून आणतो, दोन्ही वाजव आणि तुझ्या ओठांना जो पटेल तो घेऊन जा. राहील तो माझा, आणि त्यावर मी आनंदाने वरात काढीन. महालक्ष्मीचं तिकीट आत्ताच काढ, सणाला जागा मिळत नाही. येताना पिस्टनच्या पातळ तेलाच्या दोन बाटल्या आण. तुझ्याकडचा माझा जुना माउथपीस, ज्याची चांदी उडालीय, तो आता वापरू नकोस, ओठाला उघडं पितळ लागतं.

आणि सरांचा फोन नंबर पाठव. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुझे,
बाबा