तिवराची फांदी वाकवणाऱ्या नाखव्यांना

नाखवा, सलाम आणि नमस्कार!

आमच्या चर्चच्या संडे स्कूलची पोरं ठाण्याहून ऐरोलीच्या खाडीत आली, तुम्ही त्यांना फिरवून आणलंत. भाडं चुकतं झालं, पण देणं फिटलं नाही. म्हणून हे उघड पत्र.

त्याआधी एका जाणत्या आयोजकांनीही पोरांना 'सृष्टीतला देव' दाखवायला नेलं होतं. होडी नेली ती ऐन भरतीला. चिखल पाण्याखाली गेल्यावर फ्लेमिंगो चरणार कुठे? लांबवर जो थवा होता, तो इंजिनाच्या आणि कर्ण्याच्या आवाजानं उठला. त्यावर बायबलमधलं १९वं स्तोत्र वाचून 'निसर्ग म्हणजेच देव' असं सांगून मंडळी मोकळी! भरतीची चूक एकवेळ पोटात घालता येईल, ही नाही. आकाश देवाचा महिमा वर्णितं, असं ते स्तोत्र म्हणतं. आकाशच देव, असं कुठेही म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तर दोन्ही गोष्टी जवळजवळ आहेत. विसाव्या वचनात निर्मितीवरून निर्माणकर्ता ओळखता येतो, आणि पंचविसाव्यात निर्माणकर्त्याला सोडून निर्मितीचीच पूजा केल्याचा दोष.

तुम्ही कर्णा नाही, पंचांग काढलंत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ: द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांवर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं-उतरतं, तेवढं धरायचं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, चिखल कमी उघडा पडतो. पुनवेच्या-अवसेच्या उधाणात पाणी लांबवर ओसरतं, पण निघायला उशीर केला तर होडीच चिखलात बसते. १०४व्या स्तोत्रात देवानं काळ मोजायला चंद्र नेमला असं आहे. पोरांनी ते पाठ केलं होतं. त्याचा पाढा असतो, हे त्यांना तुमच्याकडून कळलं.

थवा दिसताच तुम्ही इंजिन बंद करून बांबू हातात घेतलात. मग कुणी बोलेचना. चोच उलटी करून, मान खाली घालून पक्षी चिखलपाणी गाळत होते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली पाखरं पेरत नाहीत, कापणी करत नाहीत, हे खरं. पण म्हणून ती बसून खात नाहीत. गुलाबी रंगसुद्धा त्या गाळलेल्या शेवाळातूनच येतो, पिल्लं करडी असतात.

पण मनात घर करून राहिलं ते खारफुटीतल्या तिवराचं पान.

तुम्ही ते तोडलं नाहीत. फांदी वाकवून पोरांच्या नाकासमोर धरलीत आणि म्हणालात, "बोट फिरवा नि जिभेला लावा." खारट! खालच्या फांद्या मात्र तुम्ही मुद्दाम टाळल्यात. तिथलं मीठ भरतीनं ठेवलेलं असतं, वर चिखलही. भरतीचं पाणी जिथे पोचत नाही तिथल्या पानावरचं मीठ झाडानं स्वतः बाहेर टाकलेलं. बरंचसं मीठ मुळंच अडवतात. जे आत शिरतं ते पानावरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. दव किंवा पाऊस पडला की धुऊन जातं, म्हणून कोरड्या दिवशीच दिसतं.

३४व्या स्तोत्राचं आठवं वचन मराठीत आपण 'अनुभव घेऊन पाहा' असं वाचतो. मूळ हिब्रू शब्द आहे 'चाखा'. परमेश्वर चांगला आहे हे चाखून पाहा! फळ्यावर लिहून जे कळलं नसतं, ते एका फांदीनं झालं. खाऱ्या चिखलात उभं राहून आत शिरलेला खार रोज बाहेर टाकणारं झाड, त्याची ज्यानं रचना केली त्याच्या बुद्धीविषयी आणखी काय सांगायचं?

तुम्ही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहता, आमची उपासना वेगळी. तुम्ही ना आम्हाला काही पटवायला गेलात, ना आमच्या प्रार्थनेत चुळबुळ केलीत. टोपी काढून उभे राहिलात. असा माणूस होडीवर भेटला की बरं वाटतं, देवळात-चर्चमध्येही तो रोज भेटतोच असं नाही.

ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तरी तिवराच्या श्वसनमुळांवर पिशव्या अडकलेल्याच. चिखलात हवा नाही म्हणून ती वीतभर मुळं वर येऊन श्वास घेतात. त्यांवर प्लास्टिक बसलं की झाड गुदमरतं. तुम्ही जाता-येता बांबूनं दोन-चार सोडवत होतात, कुणाला न सांगता.

पुढची खेप तुम्ही सांगाल त्या तिथीला. हातमोजे नि पोती आम्ही आणू, एक बांबू जास्तीचा तुम्ही ठेवा.

आपले,
ठाण्यातल्या एका मंडळीच्या संडे स्कूलचे शिक्षक