बाबा, पायाच्या मुंग्या वयावर ढकलू नका

आई, बाबा,

काल आई बोलता बोलता म्हणाली की चालताना बाबांच्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळतच नाही, तेव्हापासून मला चैन नाहीये. बाबा, तुम्ही म्हणाल वय झालं, पण वय हे काही कारण नाही हो. दोन्ही तळवे सारखेच बधिर आणि बोटांकडून हळूहळू वर येतंय, म्हणजे बहुतेक शुगरने नसांवर परिणाम केलाय. शिवाय तुम्ही इतकी वर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेताय, त्याने काहींचं बी १२ जीवनसत्त्व कमी होतं आणि ते ज्यातून मिळतं ते मांस-मासे सोडाच, आपल्याकडे तर अंडंसुद्धा नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, तिच्यासोबत बी १२ पण करून घ्या. आणि हो, रक्त द्यायच्या आधी मेडिकलमधून नसांच्या गोळ्या आणून सुरू करू नका, रिपोर्ट चांगला दिसेल आणि खरं कारण दबून जाईल, त्यातलं बी ६ फार दिवस जास्त गेलं तर त्यानेच मुंग्या येतात. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करायचं नाही.

तोवर पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलं तरी कळणार नाही. देवळात उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी जाता ना, मोजे घाला, देव रागावणार नाही. रोज रात्री आईकडून तळवे बघून घ्या, कुठे चिरलंय का, फोड आलाय का.

आई, तुझं वेगळं आहे. रात्री हात झटकत उठतेस, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पण करंगळी ठीक, म्हणजे बहुतेक मनगटात नस दाबली जातेय, कार्पल टनेल म्हणतात. थायरॉईड कमी असलं तरी हे होतं, म्हणून तेही तपास. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो तो लाव, आणि कणीक मळायचं काम काही दिवस बाबांना दे, खरंच दे.

एक गोष्ट मात्र दोघांनीही लक्षात ठेवा. अचानक एकाच बाजूचा हात, पाय किंवा चेहरा बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूत गुठळी अडकून आलेला लकव्याचा झटका असू शकतो, पडून राहायचं नाही, शेजारच्या काकांना हाक मारा आणि लगेच १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच जा, मला नंतर सांगितलं तरी चालेल. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच.

डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, ती आयुर्वेदिक चूर्णाची डबीसुद्धा.

तुमची,
मनू